अण्णाची भीती

वडूजहून निरोप घेऊन आलेला माणूस तासगावच्या आमच्या दारात चप्पल काढता काढताच म्हणाला, "अण्णा गेलं... डोंगरावर, पाखरं बघता बघता." तेव्हापासून भेटायला येणारे सगळे हेच म्हणतात, आवडत्या जागी गेला, भाग्यवान होता, कशाला भ्यायचा नाही. मी मान हलवते. पण माझा थोरला भाऊ त्यांना वाटतो तसा निधड्या छातीचा नव्हता, आणि हे फक्त मला ठाऊक आहे.

अण्णा वडूजच्या शाळेत चित्रकला शिकवायचा. लग्न केलं नाही. रविवारी उजाडायच्या आत गळ्यात दुर्बीण अडकवून, काळू कुत्र्याला घेऊन डोंगर चढायचा. काळूचा पट्टा धनगरी, लांडग्याने गळा धरू नये म्हणून बाहेरून खिळे ठोकलेला. तो देताना बिरा धनगराने बजावलं होतं, "वर पट्टा काडू नगा, लांडगं लय हाईत." पण पट्ट्याच्या कड्या वाजल्या की चंडोल उडायचे, म्हणून वर पोचलं की अण्णा तो काढून पिशवीत टाकायचा. पाखरांपुढे त्याला दुसरं काही सुचायचंच नाही!

एका हिवाळ्यात माहेरी गेले असताना मीही हौसेने बरोबर गेले. मी जन्माची भित्री. अण्णा मला कड्यावरचा ससाणा दाखवत होता, तोच काळू शेपूट पोटाशी घेऊन आमच्या पायांत शिरला. खाली पायवाटेवर लांडगा उभा होता... हलत नव्हता, नुसता काळूकडे बघत होता. अण्णाने पिशवीतून पट्टा काढला, पण बक्कल दोन-तीनदा हातातून निसटलं. "तायडे, तू लाव," तो पुटपुटला, "मला न्हाई जमत." त्याचा तो आवाज ऐकून मी लांडग्यापेक्षा जास्त घाबरले. बोटं सोलवटून कसाबसा पट्टा आवळला. बिराची मेंढरं वर येईपर्यंत आम्ही तिघं एकमेकांना चिकटून बसलो. मेंढरांमागून माणसांचे आवाज आले तसा लांडगा निघून गेला. उतरताना अण्णा म्हणाला, "कुणाला सांगू नगंस." नाही सांगितलं.

म्हणूनच तो गेल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. छातीत कळ आली तेव्हा किती घाबरला असेल? हाक मारायलाही कुणी नव्हतं. परवा बिरा काळूला आमच्याकडे सोडायला आला. डोंगरावर पडलेला अण्णा आधी त्यालाच दिसला होता. मी धीर करून विचारलं, "बिरा, घाबरला होता का रे तो?"

"खोटं न्हाई बोलत, आक्का. काळूच्या पाठीचं केस मुठीत गच धरलं हुतं. मी जाईस्तवर ते मुकं जनावर तसंच पडून हुतं, हललं न्हाई. मूठ मीच सोडवली."

काळू आता माझ्या अंथरुणाशी निजतो. पाठीवर एके जागी केस उपटले गेलेत. पहाटे जाग आली की मी तिथे हात ठेवते. तो हलत नाही.