कुंदनच्या बटणांना नावं ठेवताना

आमच्या गणेशवाडीच्या फुलबाजारात चांगल्या मालाला चांगला म्हणायची पद्धत नाही. गिऱ्हाईक ओंजळभर झेंडू उचलतं, मनातून खूश होतं आणि तोंडाने म्हणतं, पाणी मारलेलं दिसतंय. मग विकणारी दोन शब्द सुनावते, घेणारा चार ऐकवतो, आणि बोलणं चालू राहतं. एकदा कुणी ‘छान आहे’ म्हटलं की संपलं. पैसे द्या आणि चालू लागा. माझं नारळ-अगरबत्तीचं दुकान याच रांगेत आहे, त्यामुळे हा तमाशा मी रोज फुकटात बघते.

माझ्या शेजारी बसणारी नवसाबाई या रीतीत मुरलेली. मखमलाबादच्या पुढे तिचं फुलांचं रान आहे. ते नवरा गोटीराम बघतो आणि शक्यतो तोंड उघडत नाही. दोघांच्या वाटचं नवसाबाईच बोलते. त्यांचा एकुलता एक मुलगा कुंदन बंगळूरला, मोबाइलची अ‍ॅप बनवणाऱ्या कंपनीत. तो नेमकं काय करतो, असं मी एकदा विचारलं तर ती म्हणाली, बटणावरची अक्षरं. म्हणजे स्क्रीनवर ‘पुढे जा’, ‘ऑर्डर करा’ अशी बटणं असतात ना, त्यांवरचं अक्षर केवढं असावं, किती ठळक, कुठल्या रंगाचं, बाजूने जागा किती सोडायची, बोट लागल्यावर त्याने फिकं पडावं की नाही, हे तो ठरवतो. एवढं इंजिनिअरिंग करून पोराने हेच करावं, याचं मला हसू आलं. पण दिवसभर आपण त्याच बटणांवर बोटं घासतो, तेव्हा ती कुणीतरी सजवत असणारच.

पूर्वी कुंदनचा फोन रविवारी यायचा. जेवलीस का, जेवलो, बरं ठेवतो. एवढ्यात आटपायचं. नवसाबाई मग तो बंद फोन जरा वेळ हातातच धरून बसायची आणि उगाच माझ्यावर डाफरायची, की तुझ्या अगरबत्तीने डोळे चुरचुरतात.

गेल्या वर्षी त्यांच्या अ‍ॅपमध्ये मराठी आलं. कुंदनने आईला एका बटणाचा फोटो पाठवला आणि विचारलं, वाचता येतंय का बघ. हार ओवता ओवता तिने बघितलं आणि सांगितलं, ‘ऑर्डर’च्या डोक्यावरचा रफार उडालाय. खरंच होतं. बटणाची उंची इंग्रजी अक्षरांच्या मापाची, त्यात आपल्या अक्षरांची डोकी कापली जात होती. कुंदन जाम खूश झाला. मग रोज संध्याकाळी एक बटण यायला लागलं आणि पाठोपाठ फोन.

आणि नवसाबाईने नावं ठेवायला सुरुवात केली. हे अक्षर किडकिडीत आहे. हा रंग कालच्या शेवंतीसारखा मळका दिसतो. ही अक्षरं फार दाटीवाटीने बसलीत, यांना जरा हवा लागू दे. कुंदन बिचारा रंग बदलायचा, अक्षर ठळक करायचा, जागा वाढवायचा आणि पुन्हा दाखवायचा. ते होता होता गप्पा घसरायच्या. त्याला तिथे बाजरीची भाकरी मिळत नाही, खोलीतला दुसरा मुलगा लग्न करून निघून गेला, केस गळायला लागलेत, हे सगळं तिला बटणांच्या नादातच कळलं. सहा-सात वर्षांत लेक तिच्याशी इतकं कधी बोललाच नव्हता. बटण काळं असो की पिवळं, तिला त्याचं काय? तिला पोराचा आवाज हवा होता, जितका मिळेल तितका.

मी तिला म्हटलं होतं, अगं, एखाद्या दिवशी तरी चांगलं म्हण त्याला.

“चांगलं म्हणलं की ठेवतो म्हणल तो, ताई,” ती म्हणाली.

बाजारातली अक्कल घरात वापरली की काय होतं, ते दसऱ्याच्या आधी दिसलं. कुंदनने तेच बटण आणखी पाच-सहा जणांना दाखवलं होतं. सगळ्यांनी झटकन वाचलं. एकट्या आईलाच ते किडकिडीत आणि मळकं दिसतं, म्हणजे आईची नजर गेली, असा त्याने अर्थ काढला. पोरगा घाबरला. फोनवर एकेक पायरी सांगत त्याने तिच्या मोबाइलची अक्षरं शेवटच्या टोकापर्यंत मोठी करायला लावली. तिच्यासाठी एक बटणही बनवून पाठवलं: झेंडूच्या रंगाचं, त्यावर जाडजूड ‘कुंदन’. काही लागलं तर हे दाब, थेट मला फोन लागेल, म्हणाला. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा असं बजावलं. आणि मायेनेच म्हणाला की तुझ्या डोळ्यांना मी उगाच ताण दिला, आता बटणं नाही पाठवणार, ती दुसरी माणसं तपासतील.

झालं. संध्याकाळचे फोन बंद, रविवारचं ‘जेवलीस का’ तेवढं उरलं. तिच्या फोनवरची अक्षरं इतकी मोठी झाली होती की आलेले मेसेज मला माझ्या गल्ल्यावरून वाचता यायचे, आणि ते सगळे रिचार्जचे असायचे. ते पिवळं बटण ती उघडून बघायची आणि पुन्हा पिशवीत ठेवायची. दाब की, मी म्हणायचे. तर म्हणायची, काय लागलंय म्हणून सांगू? रान ठीक होतं, तब्येत ठीक होती, फुलांना भाव होता. तिला लागत काहीच नव्हतं. त्या दिवसांत तिची माझ्या अगरबत्तीबद्दलची तक्रारही बंद झाली, आणि ते मला अजिबात आवडलं नाही.

दसऱ्याच्या गर्दीत ती निभावून गेली. दसरा झाला आणि बाजार ओस पडला. गिऱ्हाईक नाही, हात रिकामे. दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने पदराला बोट पुसलं आणि बटण दाबलं. फोन नेहमीसारखा स्पीकरवर, मांडीवर.

कुंदनने घाईघाईने विचारलं, काय झालं, काही लागतंय का.

“नाय. मला सगळं वाचता येतं, कुंदन. पहिल्यापासून येत होतं. तुझी अक्षरं चांगली हायेत. लय चांगली.”

तो आधी गोंधळला, मग चिडलाच. तिच्या शब्दावर त्याने एकेक बटण चार-चार वेळा बदललं होतं, साहेबांशी वाद घातला होता, तिच्या डोळ्यांच्या काळजीने त्याला झोप नव्हती. इतके महिने खोटं का बोललीस, असं त्याने विचारलं.

“चांगली म्हणले असते, तर तू माझ्याशी कशावर बोलला असता?”

माझ्यासमोर एक बाई कानाशी नारळ हलवून बघत होती, तिला मी हातानेच थांबवलं. फोनमधून बंगळूरच्या रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते, म्हणजे फोन ठेवलेला नव्हता. नवसाबाईने स्पीकर बंद केला, फोन कानाशी घट्ट धरला आणि तो काय बोलतो याची वाट बघत बसली.