दाजींचे दोन ग्लास

माणसांपेक्षा ढेकळांशी ज्याचं जास्त जमतं असा जावई साऱ्या परभणी जिल्ह्यात एकच झाला, आणि तो नेमका आमच्या वाट्याला आला. अक्काला बघायला आले तेव्हा पूर्ण्याच्या कॉलेजातल्या या रसायनाच्या सरांनी मुलीला एक प्रश्न विचारला नाही. आबांकडे मात्र दोन काचेचे ग्लास आणि आमच्या दोन रानांतली दोन ढेकळं मागितली. पिशवीतून बॅटरीत घालायच्या पाण्याची बाटली काढून दोन्ही कालवली आणि तासभर ग्लासांकडे बघत बसले. एक निवळला, दुसरा चहासारखा गढूळच. "मामा, तुमचं खालचं रान चोपण व्हायलंय, खारानं बिघडायलंय," ते म्हणाले. आई दारामागून कुजबुजली, "पोरगं बरं हाय नव्हं?" पण लग्न ठरायच्या आधीच ते आबांना 'मामा' म्हणाले होते, त्यावरून आम्ही पसंती ओळखली.

मी मेहुणी, त्यामुळे चेष्टा करायचा हक्क माझा. एकदा जेवताना मी विचारलं, "दाजी, त्या ग्लासात असतं तरी काय?" त्यांनी माझ्याच ताटात भाकरीच्या तुकड्याभोवती शेंगदाणे मांडले. "हा मातीचा कण. ह्याच्यावर ऋण भार, म्हणून पाण्यातले धन आयन ह्याच्याभोवती गोळा होतात. सोडियम म्हंजे एकट्यानं आख्खी सतरंजी अडवणारा पाव्हणा. लांबवर पसरतो, कणांना एकमेकांजवळ येऊच देत न्हाई. मग माती पाण्यात तरंगती अन् वाळली की दगड होती. कॅल्शियमचा भार दुप्पट. तो कणाला खेटून बसतो, मग कण एकमेकांला धरतात." एवढं सांगून त्यांनी माझा सगळा सोडियम खाऊन टाकला.

खालचं रान आबांनी स्वतःच्या हातानं सपाट केलेलं. उसाला पाणी पाजून पाजून तिथं पांढरं फुटलं, काही उगवेना. आबांनी हाय खाल्ली आणि माती वीटभट्टीवाल्याला द्यायचं ठरवलं. माती उकरून नेली की रान कायमचं गेलं. तेवढ्यात धोंड्याचा महिना आला. जावयाला वाण द्यायचं म्हणून आबांनी अंगठी काढली, तर दाजी म्हणाले, "अंगठी राहू द्या, मामा. मला दोन पावसाळे द्या."

धोंड्यात जावयाला नाही कसं म्हणणार?

विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे दिवस, कॉलेज सारखं बंद पडे. बंद उठून गाड्या सुरू झाल्या की दाजी आमच्याकडे. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून त्यांनी गड्यांबरोबर चर खोदले, जिप्समची पांढरी पूड पसरली, त्यांचा तो कॅल्शियम तिच्यातच. "जावई रानाला पीठ चारायलाय!" म्हणून गाव हसलं. बरोबर आलेली अक्का घरात तोंड लपवून रडली. दर खेपेला खिडकीत ग्लास मांडला जाई आणि दर खेपेला तो गढूळच राही. आबा बघत नसल्याचं सोंग करत.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर एका सकाळी आबा ओरडले, "ग्लास कुणी बदलला?" कुणीच बदलला नव्हता. त्यांचा विश्वास बसेना. स्वतः रानात जाऊन ढेकूळ आणलं, स्वतः कालवलं आणि मांडी घालून समोर बसले. तासाभरात माती खाली बसली, वर नितळ पाणी. आबांनी ग्लास उचलून उजेडात धरला. मग म्हणाले, "जावईबापू, मातीनं तुमचं ऐकलं." दाजींनी नुसता चष्मा पुसला. माझा त्या क्षणी त्यांच्यावर फार जीव जडला.

आता आबा नाहीत, दाजीही नाहीत. रानात ज्वारी उभी असते. घरातले ग्लास मातीनं भरतात म्हणून जी अक्का जन्मभर दाजींवर कावली, ती दर दिवाळीला माहेरी आली की त्याच खिडकीत खालच्या रानाच्या मातीचा ग्लास मांडते. "अगं, आता कशाला?" मी म्हटलं.

"वर गेल्यावर आधी ग्लासाचंच विचारतील," ती म्हणाली, "मग सांगाया नको?"