उन्हातलं इरलं

माझी जाऊ चांगुणा जन्मापासून पांढरी होती. केस, पापण्या, कातडी, सगळंच. हरसूलच्या डॉक्टरांनी तिला बजावलं होतं, "उन्हात उघडी राहू नकोस, कातडी सडेल." पण आम्ही मजुरीवर जगणारी माणसं, तिला सावलीत बसवून कोण खायला घालणार होतं? म्हणून भातलावणीला पावसासाठी पाठीवर घेतो ते पानांचं इरलं ती भर वैशाखातही घेऊन कामाला यायची. बायका हसायच्या.

एका वर्षी पाऊस लांबला. कोरड्या दिवसांत इरलं घेतलं म्हणून पाऊस रुसला, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांना पटलं. मलाही. मीच तिच्या पाठीवरून ते ओढून माळ्यावर टाकलं. "लय कौतुक झालं तुझ्या कातडीचं," असंही वर म्हणाले. ती पदर ओढून कामाला लागली.

पाऊस यायचा तेव्हाच आला. तिच्या कानामागे मात्र उन्हानं जखम झाली, ती तीन वर्षं भरली नाही. नाशिकला नेलं, तर उशीर झाला म्हणाले.

श्रावणात ती गेली. तिला उचललं तेव्हा पाऊस धो धो कोसळत होता. मी माळ्यावरचं इरलं काढून तिच्यावर घातलं. त्या दिवशी कुणी हरकत घेतली नाही.