कोण कुणाबरोबर जेवतं

आमच्या दाजींच्या हाताखालून न तपासता सुटलेली वस्तू अख्ख्या नाशिक जिल्ह्यात सापडायची नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. गाव देवळ्याकडचं, घर कांद्याच्या शेतीचं, पण हा माणूस ऐन विशीत सातपूरच्या एका कारखान्यात तपासनीस म्हणून चिकटला आणि निवृत्त होईपर्यंत तयार झालेले सुटे भाग मोजून एका बाजूला ओके, दुसऱ्या बाजूला रिजेक्ट आणि मधल्या ट्रेमध्ये रीवर्क, म्हणजे दुरुस्त केलं तर चालेल असं, टाकत राहिला. कारखाना सुटला तरी काम सुटत नसे. दाजींचं सगळं बोलणं या तीन शब्दांत मावायचं. ताईला बघायला आले तेव्हा चहाचा कप हातात घेऊन ते आधी आमच्या दाराकडे गेले, दार दोनदा उघडलं, मिटलं आणि म्हणाले, "खालची बिजागरी ढिली हाय." मुलीला काय विचारायचं ते विचारा, असं आमच्या बाबांनी भीत भीत सुचवलं, तर म्हणाले, "विचारायचं काय त्यात? ओके हाय." ताई आत पदर तोंडात कोंबून हसत होती. लग्न ठरलं ते त्या हसण्यावर.

पुढे संसारात त्या हसण्याची चांगलीच कसोटी लागली. गावाहून भावाने कांद्याची गोणी पाठवली की दाजी बैठकीच्या खोलीत पथारी मांडून एकेक कांदा दाबून तीन ढीग करायचे. सणावाराला आलेला पाहुणा त्या ढिगांमधून वाट काढत यायचा. खिशात वर्निअर कायम, म्हणजे जाडी मोजायचा तो लोखंडी चिमटा. एकदा त्यांनी ताईची पोळी मोजली. ताईने शांतपणे लाटणं त्यांच्या हातात दिलं आणि "उद्यापासून तुम्ही," एवढंच म्हणाली. आठ दिवस त्यांनी पोळ्या केल्या. सगळ्या एका मापाच्या, आणि एक फुगली असेल तर शपथ. नवव्या दिवशी लाटणं परत करताना "माप बरोबर असून काय बिघडतंय कळत नाय," असं म्हणाले. मला, त्यांच्या सख्ख्या मेहुणीला, त्यांनी लग्नाच्या मांडवातच रीवर्कमध्ये टाकलं होतं. अजून तिथेच आहे.

ताई आजारी पडली तेव्हाही ते तपासतच होते. सलाइनचे थेंब घड्याळ लावून मोजायचे. नर्स आधी वैतागल्या आणि आठवड्याने त्यांनाच "काका, सतरा नंबरचंही बघा ना," म्हणायला लागल्या. शेवटी डॉक्टरांनी आम्हा दोघांना बाहेर बोलावून आता हातात फार काही नाही असं सांगितलं. दाजींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "रीवर्क नाय होत का?" डॉक्टरांना काही समजलं नाही. मला समजलं. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

ताई गेली आणि घरात उरले दोघं, दाजी आणि त्यांची एकुलती एक लेक गौरी. आता खरं सांगायचं तर बाप-लेक एकमेकांशी थेट कधी बोललेच नव्हते. सगळा व्यवहार ताईमार्फत. "पप्पांना सांग," "पोरीला विचार," असा. मधली बाई गेल्यावर दोन्ही टोकं नुसती लोंबत राहिली. गौरी आर्किटेक्चरला, मूळची आईवर गेलेली बडबडी पोर. ती ताट घेऊन स्वतःच्या खोलीत जायची आणि दार लावून घ्यायची. दाजी स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्याउभ्या जेवायचे. मी जवळच राहते, शाळेत इंग्रजी शिकवते, संध्याकाळी चक्कर मारते. मी दोघांशी बोलायची, पण मी ताई नव्हे, हे तिघांनाही ठाऊक होतं.

अशात गौरीच्या कॉलेजची सूचना आली. एक सत्र परदेशात. तीन विद्यापीठं, एक जर्मनीतलं, एक पोलंडमधलं, एक आयर्लंडमधलं. पसंतीचा क्रम लिहून द्यायचा. मी विचारलं, कुठं जाणार गं? ती म्हणाली, "कुठेही चालेल." हे वाक्य दाजींनी दारातून ऐकलं आणि त्यांचा चेहरा पडला. "कुठंही चालंल" असं म्हणणारं माणूस त्यांनी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं, आणि तेही ताईच्या पोटचं.

मग कॉलेजात पालकांची बैठक झाली. बाकीचे आईबाप क्रमवारी, अभ्यासक्रम, व्हिसा विचारत होते. दाजी उठले. "तिथं पोरं दुपारचं कुणाबरोबर जेवतात?" सगळं सभागृह हसलं. बोलणाऱ्या मॅडम मोठ्या समजूतदारपणे म्हणाल्या, शाकाहारी जेवणाची उत्तम सोय आहे. "काय जेवतात नाय विचारलं मॅडम. कुणाबरोबर, ते विचारलं." पुन्हा हशा. गौरीने मान खाली घातली ती वर केली नाही. घरी येऊन चार दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. तशीही बोलत नव्हतीच, पण या चार दिवसांतलं न बोलणं वेगळं होतं.

मॅडमनी उत्तर दिलं नाही म्हटल्यावर दाजींनी ते स्वतः काढायचं ठरवलं. विद्यापीठांनी पाठवलेली माहितीपत्रकं त्यांनी बाजूला सारली. सगळ्यांत तेच, तीन पोरं हिरवळीवर बसून दात दाखवतायत. "हा नमुना कंपनीने निवडून दिलेला," म्हणाले. "नमुना आपण उचलायचा असतो." मी कपाळावर हात मारला आणि लॅपटॉप उघडून दिला. शोधता शोधता सापडलं की जर्मनी आणि आयर्लंडच्या विद्यापीठांनी हवामान दिसावं म्हणून गच्चीवर कॅमेरे लावलेत. खालचा चौक दिसतो, आणि जेवणघराचं दार. पोलंडला कॅमेरा नव्हता, तेव्हा तिथल्या पोरांनी काढलेले व्हिडिओ बघायचे. त्यात पुढे बोलणारं पोरगं काय बोलतंय याच्याशी दाजींना कर्तव्य नव्हतं. त्याच्या मागे कोण बसलंय, एकटं की दुकटं, एवढंच ते बघत. तिकडची दुपारची जेवणं म्हणजे आपली चहाची वेळ. रोज चहा घेऊन दाजी बसले की मी खिडकीतून बघणारे लोक काय म्हणतील त्याची काळजी करायची. "दाजी, परक्या पोरीबाळींकडे असं टक लावून बघतात का?" तर म्हणायचे, "पोरी नाय बघत. मोजतोय."

एक वही केली. तारीख, वेळ, आत गेलेले एकूण, त्यांतले एकटे. लाल टोपीवाला एक पोरगा जर्मनीच्या चौकात रोज एकटा यायचा. त्याची दाजींना इतकी काळजी लागली की एक दिवस तो दिसला नाही तर यांना चहा गोड लागेना. मी म्हटलं, अहो, तिकडची माणसं एकटीच जेवतात, त्यांना त्याचं काही वाटत नाही. दाजी वहीतून मान वर न काढता म्हणाले, "तुला काय माहीत, काय वाटतं?" आयर्लंड मात्र पहिल्या आठवड्यातच अव्वल. एकटं माणूस औषधालाही नाही, सगळे घोळक्याने. दाजी लय खूश. सहाव्या दिवशी चौकात टांगलेला मोठा फलक मी वाचला आणि मला हसू आवरेना. बाहेरच्या शाळांच्या सहली विद्यापीठ बघायला आल्या होत्या, दाजींनी आठवडाभर शाळेच्या पोरांना मोजलं होतं. दाजी हसले नाहीत. "लॉट चुकीचा घेतला," म्हणाले आणि ती सगळी पानं तिरक्या रेघेने खोडून पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा मोजलं तरी आयर्लंडच बरं निघालं.

इकडे गौरीने मात्र मनाशी जर्मनी धरलं होतं. कारण तिने मलाच सांगितलं, अगदी सहज. "मावशी, तिथे कुणी काही विचारत नाही म्हणे. शांत असतं. लायब्ररीत दिवसभर बसलं तरी चालतं." इथे दार लावून बसायची ती तिथे जाऊन बसणार, एवढाच फरक. दाजींना सांगितलं. ते बराच वेळ बोटांनी वहीची कड चाचपत बसले. "तिचा अर्ज हाय," म्हणाले. "आपण काय लिहिणार त्यात?" तेहतीस वर्षं रिजेक्ट म्हणताना ज्यांची जीभ अडखळली नाही, त्यांना आपल्या लेकीला नको म्हणता येईना.

अर्ज द्यायच्या आदल्या दिवशी, रविवारी, मी त्यांच्याकडेच होते. गौरी पासपोर्टसाठी काढलेले फोटो शोधत होती. तिने टेबलाचा खण उघडला आणि वही हाताला लागली. कॅमेऱ्याचं प्रकरण तिला माहीत होतं, तिला त्याची लाजच वाटायची. ती उभ्याउभ्या पानं उलटू लागली. मग पहिल्या पानावर आली आणि थांबली. मीही ते पान कधी बघितलं नव्हतं. तिथे जर्मनी नव्हतं, आयर्लंड नव्हतं. सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, "घर. रात्रीचं जेवण. एकूण २. एकटे २." खाली दुसरी तारीख, पुन्हा तेच. अकरा दिवस. अकराही दिवस एकूण दोन, एकटे दोन.

"पप्पा, हे काय आहे?" तिने विचारलं. दाजी पकडलेल्या चोरासारखे उभे राहिले. "मापाला बसायच्या आधी घरचं घ्यावं लागतं," म्हणाले. "नायतर ताडून कशाशी बघायचं?" नंतर त्यांच्या तोंडून गावाकडची, त्यांच्या आईची अहिराणी निघाली. एरवी शहरात ते ती कधी बोलत नाहीत. "पोरी, हाई घर बरं नही शे," एवढंच म्हणाले. हे घर बरं नाही. स्वतःच्या घराला त्यांनी रिजेक्ट केलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

गौरीने वही खणात ठेवली. जेवायची वेळ झाली तेव्हा तिने ताट घेतलं आणि खोलीकडे जायच्या ऐवजी टेबलाशी येऊन बसली. दाजी ओट्याशी उभे होते, त्यांना कळेना आपण कुठे जावं. मी त्यांचं ताट उचलून तिच्यासमोर ठेवलं. दोघं जेवले. अख्ख्या जेवणात गौरी एकदा "आमटीत मीठ कमी आहे," म्हणाली आणि दाजी एकदा "हां," म्हणाले. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिने आयर्लंड पहिलं लिहिलं. मला म्हणाली, "इतकं मोजलंय त्यांनी, मावशी."

ती आयर्लंडला गेली. जाताना ठरवून गेली, रोज तिथल्या दुपारी एक वाजता जेवणघराच्या दारातून जाताना कॅमेऱ्याकडे बघून हात करणार. आणि करायची. पडद्यावर ती बोटभर दिसायची, पण दाजी तिला चालीवरून ओळखत. पहिले तीन आठवडे ती एकटीच येत होती. हात करायची आणि एकटीच आत जायची. दाजी हात वर करून उत्तर द्यायचे, तिला दिसत नाही हे माहीत असूनही. त्या दिवसांची वहीची पानं कोरी आहेत. मी विचारलं, का नाही लिहिलं? "ती मोजायची नाय," म्हणाले.

मग चौथ्या आठवड्यात एक दिवस ती चौकात आली तीच तिघांबरोबर. एका मुलीने तिचा दंड धरला होता. आणि बोलत होती ती आमची गौरी, दोन्ही हात हवेत नाचवत, हुबेहूब ताईसारखी. बोलत बोलतच घोळका दारातून आत गेला. तिने वर बघितलं नाही. आम्ही दोघं त्या रिकाम्या दाराकडे बघत राहिलो. "विसरली वाटतं," मी म्हटलं. "हां," दाजी म्हणाले. "विसरली." त्यांचे डोळे भरले होते. त्यांना आनंद झाला होता, आणि त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या आधीच तिचा फोन आला. मी समोर बसले होते, आवाज मला ऐकू येत होता. "पप्पा, काल मी हात करायचा विसरले. तुम्ही वाट बघत होता का? सॉरी पप्पा." कारखान्यात साहेबांनी दम दिला तरी ज्यांनी खोट्या नोंदीखाली सही केली नाही, ते आमचे दाजी म्हणाले, "काल कुठं बघितलं? लाइटच नव्हती इकडं." तिकडे तिला हायसं वाटलेलं मला ऐकू आलं. मग ती कालच्या मैत्रिणींबद्दल भरभरून सांगायला लागली आणि दाजी हां, हां करत राहिले. शेवटी म्हणाले, "आता रोज हात बीत करायची गरज नाय. मी पण आता बघत नाय. लय कामं हायेत मला."

फोन ठेवला. कामं कसली, घरात एक चमचासुद्धा जागचा हलवायचा नव्हता. जरा वेळाने मी जायला उठले, तसे म्हणाले, "वंदना, आज जेवूनच जातेस का?" इतक्या वर्षांत दाजींनी मला जेवायला थांब म्हटलं नव्हतं. ते नेहमी ताई म्हणायची. घरी माझी भाजी चिरून ठेवलेली होती. मी यजमानांना फोन करून तुमचं तुम्ही बघा म्हटलं आणि पुन्हा खाली बसले.