खिम्याच्या गोळ्यांचं मीठ

माझी आई, मालन, माळकरीण. मटणाच्या रश्श्याचा थेंबही तिच्या जिभेला कधी लागला नाही, पण कांजूरमार्गच्या आमच्या चाळीत खिम्याचे गोळे करावेत तर तिनेच. रविवारी बाबा खिमा आणायचे. आई तो आलं-लसूण-मिरचीबरोबर पाट्यावर वाटायची, लिंबाएवढे गोळे वळायची आणि उकळत्या रश्श्यात एकेक सोडायची. चाखता येत नाही म्हणून मीठ बघायचं काम माझं. वाटीत थोडा रस्सा आणि एक गोळा. मी खाऊन "झकास" म्हटलं, की पातेलं उतरायचं. धाकटा निहार "मीपण बघणार" म्हणून भोकाड पसरायचा. ताटात दोघांना दोन-दोनच गोळे मिळायचे, आणि हा वरचा एक फक्त माझा. खादाड होते मी, दुसरा शब्द नाही.

मी नऊ वर्षांची असताना एका रविवारी गोरेगावची आत्या जेवायला येणार होती. "दत्तारामा, माळकरणीच्या हातचा मटान कसला खातंस रे?" असं ती बाबांना लग्नापासून ऐकवत आली होती. त्या दिवशी आईला तिचं तोंड कायमचं बंद करायचं होतं. सकाळपासून ती कुणाशी धड बोलली नव्हती. वाटी माझ्या हातात आली. चव अगदी बरोबर होती. पण आणखी एक गोळा मिळेल म्हणून मी म्हटलं, "अळणी आहे गं." आईने मीठ घातलं आणि दुसरी वाटी दिली. "अजून थोडं हवं," मी म्हटलं. तिसरा गोळा मात्र मलाही गिळवेना, तरी मी "झकास" म्हटलं.

पहिल्याच घासाला आत्याला ठसका लागला. "माळ घालून मटान केल्यार असाच होतला!" आमच्या चाळीमागे तेव्हा मिठागरं होती. बाबा पाणी पीत पीत हसले, "मालनला वाटलं, मिठागर आपल्याच मालकीचं!" शेवटची चिमूट आपल्याच हातून जास्त पडली, असं आईला वाटलं. तिने मला काही विचारलं नाही आणि मी ताटातून मान वर केली नाही.

बाबांचा तो विनोद तीस वर्षं चालला. बारशात, साखरपुड्यात, माझ्या नवऱ्यासमोर. सगळे हसायचे आणि सगळ्यात मोठ्याने मी. आईने पाहुण्यांसाठी पुन्हा कधी गोळे केले नाहीत. स्वतःच्या वरणात मीठ घालतानाही ती निम्मी चिमूट डब्यात परत झटकायची. ते बघून मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, तरी तोंड उघडायचं नाही.

बाबांना जाऊन आठ महिने झाले. गेल्या रविवारी मुलुंडला माझ्या घरी निहारने माझ्या मुलाला ती गोष्ट सांगितली, अगदी बाबांच्या आवाजात. सगळे खो खो हसले. या वेळी मला हसता येईना. आई स्वयंपाकघरात होती. मी तिच्याकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. मीठ बरोबर होतं, मला गोळा हवा होता, इतकी वर्षं लाज वाटतेय गं.

ती चिडेल, टपली मारेल, नाहीतर हसेल, असं मला वाटलं होतं. तिने फक्त ओट्याला हात टेकला.

"हे असताना सांगायचंस गं, श्रुतिका," ती म्हणाली. "माझ्या हाताला अंदाज नाही, हेच मनात धरून गेले ते."