ए येडे
अंबरनाथ एमआयडीसीच्या नाक्यावर सकाळची ड्युटी लागली की केमिकलचा तो आंबूस वास नाकात जातो आणि पोलीस भरतीचं मैदान आठवतं. याच वासात मी आणि माझी मैत्रीण जांभूळच्या रस्त्यावर रोज धावण्याचा सराव करायचो, मी कायम मागे, ती पुढे, आणि पुढून तिची हाक, "ए येडे, पाय उचल!" वयाच्या अटीमुळे त्या वर्षीची भरती ही तिची शेवटची संधी होती. भरतीच्या दिवशी मैदानावर, धावण्याच्या चाचणीत, वळणावर कुणाचा तरी धक्का लागून मी पडले. गुडघा फुटला, तोंडात माती गेली, बाकीच्या मुली बाजूने धडधडत निघून गेल्या. ती एकटी उलटी फिरली. तिने मला काखेत धरून उभं केलं, पाठीत सणसणीत थाप मारली आणि ओरडली, "रडतेस काय येडे, पळ! मी येते मागून." मी जी सुटले ती रेषेपलीकडेच थांबले आणि वळून पाहिलं, तर ती लंगडत येत होती. मला उचलताना तिचा पाय मुरगळला होता. ती पोचली तोवर ठरलेली वेळ संपली होती. वर्दी मला मिळाली. परवा याच नाक्यावर मी एक खच्चून भरलेली रिक्षा अडवली. आत कंपनीचा निळा कोट घालून, अंग चोरून ती बसली होती. तिने मला ओळखलं, हे मला दिसलं. मी हसणार, तोच ती खाली बघत म्हणाली, "जाऊ द्या ना मॅडम, शिफ्टला उशीर होतोय."