फिनेल मावशींची चिठ्ठी

एकोणीस वर्षं त्यांनी शाळेचे जिने पुसले आणि पोरांनी त्यांना नाव काय ठेवलं, तर फिनेल मावशी. बरं, ठेवलं ते ठेवलं, निदान ओल्या फरशीवरून बूट घालून नाचू नये, तर तेही नाही. मावशी ओरडायच्या, पोरं दात काढत पळायची. त्यामुळे पाचवीच्या बाईंनी वर्गाबाहेर बुटांचं रिकामं खोकं ठेवलं आणि रोज कुणाचे तरी आभार मानणारी चिठ्ठी त्यात टाका म्हणून मुलांना सांगितलं, तेव्हा मावशींनी नाक मुरडलं. आभार काय असे सांगून येतात होय?

पण शाळा सुटल्यावर त्या चिठ्ठ्या फळ्यावर टाचायचं काम नेमकं त्यांच्याच गळ्यात पडलं. रिटायर व्हायला पंधरा दिवस राहिले होते. कुणी आईचे आभार मानलेले असायचे, कुणी पेन्सिल देणाऱ्या मैत्रिणीचे, एका पठ्ठ्याने तर रविवारचेच मानले होते. मावशी सगळ्या चिठ्ठ्या वाचायच्या. कबूल केलं नसतं त्यांनी, पण शोधायच्या त्या स्वतःलाच.

आणि एका दुपारी त्या सापडल्या. जांभळ्या शाईत, तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: ‘मावशी, मागच्या जिन्यात मी पडत होते तेव्हा तुम्ही मला धरलंत. आभारी आहे.’

मावशींचा ऊर भरून आला. मग त्यांनी चिठ्ठी पुन्हा वाचली, कारण त्यांनी कुणालाही धरलं नव्हतं.

बाईंनी छत्तीसच्या छत्तीस वह्या काढून अक्षर ताडून पाहिलं. एकीशीही जुळेना. कुणीतरी थट्टा केली असेल, जाऊ द्या, असं त्या म्हणाल्या. मावशींना मात्र जाऊ देता येईना. मागच्या जिन्याचा कठडा वळणावर अगदी बुटका होता आणि त्याखाली दोन मजले. झालं नाही ते अजून व्हायचं असेल, आणि तेव्हा आपणच तिथे नसलो तर? या विचाराने त्यांना अन्न गोड लागेना.

दुसऱ्या दिवसापासून पोछा घेऊन त्या वळणावरच उभ्या राहू लागल्या. कुणी पडलं नाही. पण तास चालू असताना, जिना रिकामा असताना, वरून कुणीतरी उतरतंय असं वाटायचं. पावलं वळणापाशी येऊन थांबायची. मावशी वर जाऊन बघायच्या तर चिटपाखरू नसायचं. एकदा ओल्या पायऱ्यांवर लहान बुटांचे ठसे दिसले. वळणापर्यंत आले होते, पुढे नव्हते. तेही त्यांनी पुसून टाकले.

शेवटच्या दिवशी खाली सभागृहात त्यांचा निरोप समारंभ होता. शिपाई तीनदा बोलवायला आला. भाषणं माझ्यावाचून होऊ द्यात, असं सांगून मावशींनी त्याला परत धाडलं. शिपायाने कपाळाला हात लावला.

तो गेला आणि वरून एक मुलगी धावत आली. ओळखीची नव्हती. नव्या गणवेशाच्या घड्याही मोडल्या नव्हत्या. वळणावर तिचा पाय सटकला आणि ती कमरेपर्यंत कठड्याबाहेर गेली. मावशींनी पोछा टाकून तिला दप्तरासकट कवेत ओढलं. दोघी पायरीवर आदळल्या.

मावशींना शोधत आलेल्या बाई खालूनच धावत वर आल्या. ही मुलगी आज सकाळीच वर्गात दाखल झाली, असं त्यांनी धापा टाकत सांगितलं. मग तिला म्हणाल्या, “अगं, मावशींचे आभार तरी मान.”

मुलगी मावशींकडे बघत होती, फार जुनी ओळख असल्यासारखी. खिशाला जांभळं पेन होतं.

“मानलेत ना बाई,” ती म्हणाली. “खोक्यात चिठ्ठी टाकली होती की मी.”

मग कठड्याला धरून ती एकेक पायरी उतरत गेली. तिच्या बुटांचे ठसे ओल्या पायऱ्यांवर खालपर्यंत उमटले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच मावशींनी ते पुसले नाहीत.